पालकमंत्री साहेब, वॉकीटॉकीच्या बॅटरीचे पैसे पण बजेटमध्ये धरा

मा. पालकमंत्री साहेब, नागपूर जिल्हा, यांना नमस्कार.

माझं सीताबर्डीत वॉकीटॉकी रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात सिक्युरिटीतला एक पोट्टा सेट घेऊन आला. एका मोठ्या दवाखान्यात रात्रपाळीला होता, तिथं पेशंट लिफ्टमध्ये अडकला आणि यानं खालच्या माणसाला सांगायला बटण दाबलं तर सेट टूंक करून बंद, चार जिने पळत उतरला बिचारा, आणि वरून त्याचीच एक दिवसाची हजेरी कापली की बॅटरी चार्ज काहून नाही केली. केली होती ना जी त्यानं! रात्रभर चार्जरवर होती, हिरवा लाईटही लागला होता.

साहेब, हिरवा लाईट म्हणजे बॅटरी चांगली असं नसते. जुन्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. नुसतं ऐकत बसलं तर सेटला करंट कमी लागते, तेवढं ती भागवते, पण बटण दाबून बोलायला गेलं की ५ वॉटचा सेट दीड अँपिअरच्या आसपास ओढतो आणि ७.४ व्होल्टची बॅटरी तिथंच बसते. बटण सोडलं की व्होल्टेज परत वर, मीटर लावून पहा, सगळं ठीक! म्हणून लोड देऊनच, म्हणजे बोलताना लागते तेवढा करंट ओढूनच, टेस्ट करावी लागते, पाच मिनिटांचं काम आहे.

या सेटमधली लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज होते, मग तिची ताकद कमी होत जाते, म्हणजे रोज चार्ज केली तर वर्ष-दीड वर्ष. त्यात आपला मे महिना. ४५ डिग्रीच्या वर ही बॅटरी चार्ज करू नये असं सांगतात, आणि आपले चार्जर कुठं असतात तर गेटवरच्या टिनाच्या खोलीत. बॅटऱ्या फुगून येतात माझ्याकडे. आणखी एक जुनी सवय, बॅटरी आधी पूर्ण उतरवा मग चार्जिंगला लावा. ते निकेल कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या जमान्यातलं होतं, लिथियमला त्यानं उलट नुकसानच होते.

टेंडरमध्ये सेटचे पैसे असतात, वर्ष-दीड वर्षांनी लागणाऱ्या नव्या बॅटरीचे नसतात, मग लोकं मिळेल तो स्वस्त पॅक आणि दुसऱ्याच सेटचा चार्जर लावतात, ते तर धोक्याचं आहे. माझी विनंती एवढीच, जिल्ह्यातल्या सरकारी जागांवर जिथं जिथं हे सेट आहेत तिथं बॅटरीवर घेतल्याची तारीख लिहायला लावा, सहा महिन्यांनी लोड टेस्ट करा, बदलायचे पैसे आधीच धरा आणि चार्जर कूलरच्या नाहीतर एसीच्या खोलीत हलवा. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात नको, २०२२ च्या नियमाप्रमाणे त्या गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांची आहे, त्यांच्याकडून ते करून घ्या.

टेस्टिंग कसं करायचं ते मी कुणालाही फुकटात शिकवीन. आणि बॅटरी बसली म्हणून ज्या पोट्ट्यांची हजेरी कापली गेली ना साहेब, ती त्यांना परत मिळेल असं काही बघा.

आपला,
सीताबर्डीतला एक रेडिओ मेकॅनिक