पाचव्या तारेबद्दल, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मामांना

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "बास रं" म्हणून लेथ चालू करता आणि मग काही ऐकू येत नाही. तुमचं नाव आणि शेडचा पत्ता मात्र देत नाही. दिला तर सांगली-इचलकरंजीपासनं गिटारवाली पोरं दारात येऊन उभी राहतील आणि पंपाची कामं पडून राहतील, हे तुम्हीच बजावलंय.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्नं, गणपती, कॉलेजची स्नेहसंमेलनं, येईल ती सुपारी. बेस जुना, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या धर्तीचा, चार तारांचा: ई, ए, डी, जी. त्यातली सगळ्यात खालची ई म्हणजे पेटीतली पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. आता आपल्याकडचे पुरुष गायक गातात कशात? काळी एक, पांढरी दोन, फार तर काळी दोन. म्हणजे गाण्याचा सा नेमका माझ्या बेसच्या तळाच्याही खाली. मग मी तो वरच्या सप्तकात वाजवायचा आणि खालचा खर्ज कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातानं द्यायचा. करवला घोड्यावर बसावा आणि नवरदेवानं मागनं चालत यावं, तसलं हे. ई च्या खाली बी ही पाचवी तार आली की ती ३०.८७ हर्ट्झपर्यंत जाते, आणि तिच्या दुसऱ्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर) काळी एक मिळते. मला एवढंच हवं होतं. (डॉल्बीच्या भिंतीत भर घालायची म्हणून नव्हे. खर्ज वेगळा आणि खिडक्यांच्या काचा थरथरवणं वेगळं.)

"पाच तारांचा नवाच घे की," हे सगळ्यांनी सांगितलं. हिशेबानं तेच बरोबर आहे आणि कुणी विचारलं तर मीही तेच सांगेन. दुसरी सोपी वाट म्हणजे चारच ठेवायच्या, पण बी, ई, ए, डी अशा लावायच्या. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरनं जातात त्या पट्टीच्या, खाचा थोड्या रुंद केल्या की काम झालं. पण मग जी तार जाते, आणि लावणीच्या मधल्या जागा मी त्या तारेवरच भरतो. शिवाय या बेसची मान माझ्या हाताला बसलीय. एका मोठ्या शहरातल्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्यानं फोटो बघूनच "नाही होत" म्हणून कळवलं. मग कुणीतरी म्हणालं, उद्यमनगरात ने, तिथं नाही होत असं कुणी म्हणत नाही.

तुम्हीही "होतंय" म्हणाला नाहीत, मामा. तुम्ही हातातला बुश बाजूला ठेवला, चष्मा कपाळावरनं खाली घेतला आणि विचारलंत, "जास्तीची तार वरनं का खालनं?" या प्रश्नानं मी चाट पडलो. कारण १९६५ साली फेंडरनं पाच तारांचा पहिला बेस काढला, तेव्हा त्यांनी जास्तीची तार वरच्या सी ची दिली होती. माझ्या ओळखीतल्या वादकांनाही हे ठाऊक नाही, आणि तुम्ही तर बेस पहिल्यांदाच हातात घेतला होता. "खालनं," म्हटल्यावर तुम्ही व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, काढलात.

त्यापुढचा अर्धा तास मला जन्मभर पुरेल. नटपाशी मान ४२ मिलिमीटर रुंद. दोन्ही कडांना तीन-तीन सोडले तर उरले ३६. मी घरनं कागदावर आखून आणलं होतं: तारांच्या मध्यापासनं मध्यापर्यंत सारखे चार भाग, साधारण ८.४५ चा एक. तुम्ही कागद बघितलात, मग तारांचं पाकीट उघडून एकेका तारेची जाडी घेतलीत. बी ३.३०, ई २.६७, ए २.१६, डी १.६५, जी १.१४.

"बोट कुठं जातंय? तारंच्या मध्यात का दोन तारांच्या मधी?"

"मधी."

"मग मध्यापासनं कशाला मापतोस?"

खरंच की. माझ्या आखणीत बी आणि ई मध्ये साडेपाच मिलिमीटरही पुरती जागा राहत नव्हती आणि डी-जी मध्ये सात मोकळी पडत होती. तुम्ही पाचही जाड्यांची बेरीज केलीत, १०.९२, ती ३६ मधनं वजा करून उरलेल्याचे चार भाग पाडलेत. प्रत्येक फट ६.२७. सगळ्या फटी सारख्या. चार तारा होत्या तेव्हा ही फट साडेनऊच्या आसपास होती, म्हणजे आता बोटांना दाटी होणारच, पण ती सगळीकडे सारखी. बोट दोन दिवस चाचपडतं, मग त्याला सवय होते. फट कमी-जास्त असती तर सवय कशाची लागणार?

नटला हाडाची पट्टी घ्या म्हणून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पाठवणारेही तुम्हीच. मी पितळेचा हट्ट धरला होता. "पितळ मी देतो की, पण खाच चुकली तर पितळंला राग येतो. हाड ऐकतंय," असं म्हणालात. आणि खाचा कशानं पाडल्यात? जाड तारांना गोल कानस ठीक, पण जी आणि डी साठी तुम्ही गॅस वेल्डिंगचं नोजल साफ करायच्या त्या दातेरी तारांचा जुडगा काढलात, पानं उलटावीत तशा एकेक तारा उलगडल्यात, व्हर्नियरनं बघून दोन निवडल्यात. खाच मागच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकते आणि झणझणत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं, मामा? मी तर नव्हतं सांगितलं.

ब्रिजचं, म्हणजे बॉडीवर तारा जिथं अडकवतात त्या भागाचं, काम मात्र तुमच्या घरचं. बाजारात तयार मिळणाऱ्या पाच तारांच्या ब्रिजवर तारांमधलं अंतर साधारण साडेसोळा ते एकोणीस मिलिमीटर असतं. माझ्या अरुंद मानेवर तेवढं घेतलं तर शेवटच्या पडद्यांपाशी बी आणि जी अगदी कडेला येतात आणि दाबताना घसरून पडतात. आपण साडेपंधरा धरलं. तुम्ही पितळी पट्टीतनं पाच सॅडल (एकेक तार टेकायचे ठोकळे) कापलेत, प्रत्येकात उंचीचे दोन ग्रब स्क्रू, मागनं लांबी जुळवायचा एक लांब स्क्रू, आटे सगळे हातानं टॅप लावून. जुन्या ब्रिजची भोकं तशीच वापरली, लाकडाला नवं भोक नाही. अर्थिंगची तार प्लेटखाली दाबायची राहू नये म्हणून तुम्ही तिच्यासाठी बारीकशी चरसुद्धा पाडलीत. पितळेवर तारेचा आवाज जरा जास्त रेंगाळतो असं मला वाटतं. कीबोर्डवाला म्हणतो, मनाचे खेळ. त्याचं त्यानं बघावं.

मानेच्या डोक्यावर तार पिळायची पाचवी किल्ली कुठं बसवायची यावर आपलं वाजलं होतं, आठवतंय? तुम्हाला पाचही एका ओळीत हव्या होत्या, दिसायला नीट. तेवढं लाकूडच नव्हतं. शेवटी चार वर, एक खाली. प्रत्येक तार एक घर सरकली आणि जी खालच्या नव्या किल्लीवर गेली. भोक पाडताना मागनं सागाचा तुकडा शिकंज्यात आवळून धरलात, त्यामुळं एक चिलपी उडाली नाही.

पिकअपपाशी, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांपाशी, मात्र तुम्ही मला घाम फोडलात. जुन्यात प्रत्येक तारेखाली चुंबकाच्या दोन कांड्या. तारा सरकल्या की त्या कांड्यांच्या जागा चुकतात आणि एखादी तार दबकी वाजते. "ठोकून सरकवूया काय?" म्हणत तुम्ही हातोडी उचललीत! त्या कांड्यांवरच केसाएवढी बारीक तार हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली असते, कांडी हलली की तार तुटलीच. हातोडी खाली ठेवल्याबद्दल वेगळे आभार. मग सलग पट्टीचं चुंबक असलेला पिकअप मागवला, ज्याला तार कुठंही असली तरी चालते, आणि तुम्ही बेसची बॉडी मिलिंग मशीनवर खाली रबर घालून बांधलीत. लाकडाचा भुसा लोखंडाच्या चुऱ्यात पडताना बघून तुमचा पोरगा हसत होता.

बी तारेचा ताण पंधरा-सोळा किलोचा. सगळ्या तारा चढवल्यावर मान किंचित पुढं ओढली गेली, तेव्हा मी मानेच्या आतला, ती सरळ ठेवणारा ट्रस रॉड दाखवला. "सळई आत घालून ठेवलीय व्हय? हुशार हाय गडी," असं त्या न बघितलेल्या कारागिराला म्हणत तुम्ही ॲलन की पाव फेरा फिरवलीत, थांबलात, पट्टी लावून उजेड बघितलात, आणि परत हात लावला नाहीत.

मजुरी तुम्ही रोखठोक घेतलीत, हेही इथं लिहितो. "कलाकार हाय, राहू दे" असलं काही बोलला नाहीत, ते मला फार आवडलं. बिलावर काय लिहायचं हे सुचेना म्हणून "पंप पार्ट, १ नग" लिहून दिलंत. ते बिल बेसच्या केसमध्ये ठेवलंय.

परवा एका लग्नात काळी एकचं गाणं आलं. हलगीवाला शेजारी, घुमकं मागं, आणि मी बी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं. कीबोर्डवाल्यानं डावा हात उचलून खिशात घातला. मामा, तुम्ही तिथं असायला हवं होतं, पण तुम्हाला लग्नातला आवाज सोसत नाही हे ठाऊक आहे, म्हणून बेस आणि छोटा ॲम्प घेऊन मीच शेडवर येतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना. डी च्या सॅडलचा एक ग्रब स्क्रू वाजवता वाजवता सैल होतोय, तोही बघायचा आहे. आणि सोबत कीबोर्डवाला येईल, त्याच्या स्टँडचा पाय वाकलाय. मापं लिहून आण, असं त्याला आधीच सांगून ठेवलंय.

आपला,
पाच तारांवाला