आबांचं आभाळ

फोंडा, गोवा

प्रिय दत्ता,

रागावला असशील. इतके महिने एक शब्द नाही आणि आता फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहितो, असं म्हणशील. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोगही नाही. घरात सांगितलं तर ही म्हणते, डोळ्यात थेंब घाला आणि गप्प पडून राहा.

तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथेच. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, भिंग बसवलं, नीट झालं. डावा पुढच्या महिन्यात.

आता ऐक. जत्रेच्या नाटकासाठी कमिटीने आबांनी रंगवलेला संध्याकाळचा पडदा बाहेर काढला आणि रंग उडालाय तिथे हात फिरवा म्हणून मला बोलावलं. देवळाच्या अग्रशाळेत पडदा सोडला. डाव्या डोळ्याने पाहिलं तर आभाळ नेहमीचंच, खाली पिवडी, वर करडं होत गेलेलं. डावा झाकून उजव्याने पाहिलं आणि हबकलोच. निळं! शिखराच्या मागे निळं, ढगांच्या पोटात निळं, नदीच्या पाण्यात निळं. मला इतकी वर्षं जिथे नुसती सावली दिसत होती, तिथे आबांनी सरसात कालवलेल्या निळ्याचे उभेआडवे फराटे ओढलेत. एका ठिकाणी तर कुंचल्याचा केस रंगात अडकून तसाच वाळलाय. एक डोळा उघड, दुसरा मीट, असं किती वेळ करत उभा होतो. कमिटीची पोरं बघत राहिली.

तू म्हणाला होतास तेच हे निळं, दत्ता.

रंगीत तालमीच्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालास, ‘आबा, आभाळ फार निळं झालंय, डोळे तपासून घ्या.’ आणि दोन्ही स्पॉटलाइटना अंबर जिलेटीनचा तो पिवळा-केशरी कागद लावून मोकळा झालास. आबा त्या रात्री जेवले नाहीत. मी तुझ्याशी भांडलो ते चार लोकांत बोललास म्हणून, आणि ते मी आजही म्हणतो. बाजूला घेऊन सांगायचं होतंस. पण त्या आभाळाच्या पायी आपण दोन जत्रा एकमेकांशी बोललो नाही, आणि आता वाटतं की तू आणि आबा, दोघंही जे दिसत होतं तेच सांगत होता.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं. चहाच्या कोऱ्या पाण्यातून बघावं तसं. जांभळा-निळा प्रकाश ते आत सोडेनासं होतं. आणि हे इतकं हळूहळू होतं की मेंदू सांभाळून घेतो, माणसाला पत्ताच लागत नाही. पांढरं धोतर पांढरंच दिसत राहतं. नवं भिंग बसलं की अडलेलं निळं एकदम आत येतं.

आता तू लगेच मला पकडशील, मला माहीत आहे. आबांना आभाळ पिवळट दिसत असेल तर डब्यातला निळा रंगही तसाच दिसत असणार, मग दोन्ही चुका एकमेकींत फिटल्या, जास्त निळं लावायचं कारण काय? बरोबर. समोर बघून चित्र काढणाऱ्याच्या बाबतीत हे खरंच आहे. पण आबांनी आभाळ बघून काढलंच नाही रे! रात्री, शेडमध्ये, तरुणपणी मांडवीकाठी पाहिलेलं आठवून काढलं. आठवणीतलं निळं कोवळ्या डोळ्यांनी पाहिलेलं, आणि हातातलं निळं म्हाताऱ्या डोळ्यांना फिकं दिसणारं. जुळेपर्यंत ते ओढत राहिले असतील. आणि वर तो पिवळा बल्ब. तू म्हणशील सगळा दोष बल्बचाच, त्या उजेडात निळं असतंच कमी. असेल, तेही असेल. हे तूच सांगू शकतोस, म्हणून तर लिहितोय.

तेव्हापासून झोप नाही. पुतण्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्याला धरून बसवतो आणि विचारत राहतो. दत्ता, माणसाला दिसतं कसं हे समजायला किती काळ लागला! पूर्वी मानायचे की डोळ्यातूनच किरण बाहेर जातात आणि वस्तूला भिडतात. ग्रीक युक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास त्यावर सगळी भूमिती रचली. आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, तेही तेच म्हणायचे, डोळा तेजाचा आहे, आणि पुरावा काय, तर अंधारात मांजराचे डोळे चमकतात. (तो प्रकाश बाहेरचाच असतो, आतल्या थरावरून परत फिरलेला.) तुझी आई मीठ-मिरच्या ओवाळून आपली दृष्ट काढायची, ती याच समजुतीवर ना? बसऱ्याचा इब्न अल-हैथम अकराव्या शतकात म्हणाला, सूर्याकडे पाहिलं तर डोळा दुखतो आणि मिटल्यावरही ठिपका दिसत राहतो, म्हणजे काहीतरी आत येतं. 1604 साली खगोलशास्त्रज्ञ केप्लरने दाखवलं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र उलटं पडतं. पुढे लोकांनी बैलाच्या डोळ्याची पाठ खरवडून ते उलटं चित्र बघितलं. ते आपल्याला सुलटं कसं दिसतं, हा प्रश्न केप्लरने दुसऱ्यांवर सोडला.

आणि तू लाल आणि हिरवा स्पॉट एकावर एक टाकून पिवळा उजेड पाडलास, तेव्हा आबांनी तुला वेड्यात काढलं होतं. त्यांच्या डब्यात लाल-हिरवा मिसळला की चिखल व्हायचा. थॉमस यंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1802 मध्येच सांगून ठेवलंय, डोळ्याला तीन तऱ्हेचे रंग घेणारी तीन साधनं पुरतात, बाकीचे रंग त्यांच्या मिश्रणातून. प्रकाशात रंगाची भर पडते, डब्यातला प्रत्येक रंग प्रकाश खातो. न्यूटन तर म्हणाला, किरणांना स्वतःला रंग नसतो, रंगाची जाणीव करून देण्याची ताकद असते. पुढे हेल्महोल्ट्झ नावाचा जर्मन शास्त्रज्ञ म्हणाला, डोळा नुसत्या खुणा देतो आणि मन आपल्या नकळत अनुमान काढतं. परवा तपासणीला पणजीला गेलो होतो, जुन्या सचिवालयाजवळ आपला अब्बे फारिया, तो संमोहनवाला पाद्री, पुतळा होऊन उभाच आहे हात पुढे करून. त्यानेही 1813 मध्ये पॅरिसला हेच ठणकावलं होतं, माझ्या हातातून काही वाहत नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात.

हे सगळं कळलं तरी माझी भीती जात नाही. मोने नावाचा फ्रेंच चित्रकार होता. 1923 मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. नंतर सगळं निळं दिसतं म्हणून तक्रार, रंगीत काचांचे चष्मे. डाव्या डोळ्याला त्याने शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. मला तो माणूस कळतो. माझा डावा डोळा झाला की आबांना जसं दिसत होतं तसं बघायला माझ्याकडे काही उरणार नाही. आज निदान एक डोळा मिटून मी त्यांच्या जागी उभा राहू शकतो. आणि कमिटीला हवंय आभाळ ‘नॅचरल’. त्या निळ्यावर मी कुंचला फिरवायचा?

नाही फिरवणार. शिखराचे पोपडे आणि खालची काव तेवढी दुरुस्त करीन. आभाळ अंबरमध्ये उजळायचं, तू केलं होतंस तसंच. आबांचा रंग आणि तुझा उजेड, दोन्ही लागतात त्या संध्याकाळीला. मला तेव्हा सुचलं नाही, तुलाही नाही, आबांना तर कोण सांगणार होतं. पण आताच्या पोरांकडे एलईडी आहेत, बटण दाबून म्हणतील हे घ्या अंबर. तुझं ते जुनं जिलेटीन कसं होतं ते त्यांना तुझ्याशिवाय कोण दाखवणार? ट्रंकेत एखादा तुकडा असेल तर शोध.

नातीचा फोटो पाहिला, कपाळ थेट तुझ्या आईचं. वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? सोसायटीच्या भानगडीत पडू नकोस.

जत्रेआधी ये. डॉक्टरांना सांगून डाव्याची तारीख जत्रेनंतरची घेतोय. गोवा एक्सप्रेसने निघ, कुळ्याला मी गाडी घेऊन येईन. आणि ते आभाळ तुला तेव्हा नक्की किती निळं दिसलं होतं, ते येण्याआधी लिहून पाठव. इथे आल्यावर पडदा बघितलास की तुझी आठवण त्याला जुळवून घेईल.

तुझा,
श्रीपाद