जूनमध्ये नेटवर्क खराब नव्हतं

ती. आई-बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगायला जमणार नाही, आई लगेच रडायला लागते आणि बाबा तुम्ही फोन तिच्या हातात देऊन अंगणात जाता, म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे, काल ऑफिसला पण जाऊन आलो.

जूनमध्ये आठवडाभर नेटवर्क खराब आहे म्हणून व्हिडिओ कॉल टाळत होतो ना, तेव्हा मी इथे टोक्योत हॉस्पिटलमध्ये होतो. दरवर्षीच्या चेकअपमध्ये स्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीने पोट आतून बघितलं, जठरात एक लालसर चट्टा दिसला, बायोप्सीत कॅन्सर निघाला. अगदी सुरुवातीचा. त्रास म्हणाल तर काहीही नव्हता, आदल्या रात्री मटण खाल्लं असतं तरी पचलं असतं.

बाबा, तुमच्या डोळ्यासमोर आता अण्णाकाका आला असणार. माझ्याही आला. अख्खं जठर काढलेलं, नंतर चार-चार घास जेवायचा आणि गोड खाल्लं की घाम फुटून आडवा व्हायचा. माझ्या पोटावर एक ओरखडा पण नाही, सगळं तोंडातून दुर्बीण घालून केलं. ह्याला ईएसडी म्हणतात, जपानी डॉक्टरांनीच बसवलेली पद्धत, २००६ पासून इथल्या सरकारी विम्यातसुद्धा आहे. आधी चट्ट्याभोवती ठिपके मारतात, मग खाली निळं पाणी टोचून तेवढा भाग पुरीसारखा फुगवतात आणि विजेच्या बारीक सुरीने कडेने कापत खालून सोलत जातात. एका प्रकारच्या सुरीच्या टोकाला सिरॅमिकचा मणी असतो, टोक आरपार जाऊन भोक पडू नये म्हणून. दोन तास लागले म्हणे, मी झोपेच्या औषधात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने फोटो दाखवला. तुकडा बोर्डावर चहूबाजूंनी टाचण्या मारून ताणून बसवलेला, आई, अगदी तुझ्या फणसाच्या साटाचा तुकडा. मधे १४ मिलिमीटरचा चट्टा. नंतर नर्स रोज येऊन शी काळी झाली का विचारायची, कारण आतल्या जखमेतून रक्त जाऊ शकतं. आणि पहिलं जेवण काय दिलं, तर पेज! वर खारवलेलं आंबट फळ. डोळ्यात पाणी आलं गं.

मुळापासून गेला का, हे तुम्ही विचारणारच, मीही विचारलं. कॅन्सर सगळ्यात आतल्या अस्तरातच असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, अल्सर नसलेला आणि पेशी फार बिघडलेल्या नसतील तर तो जठराजवळच्या लसिकागाठींमध्ये पसरायची शक्यता एक टक्क्याहून कमी, मग अख्खं जठर काढून मिळवायचं काय? पण खरं काय ते तो तुकडा बारीक कापून मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच कळतं. खोल गेलेला किंवा रक्तवाहिनीत शिरलेला निघाला असता तर ऑपरेशन करावंच लागलं असतं, आणि मग मी तुम्हाला तेव्हाच फोन केला असता. बहुधा. रिपोर्ट येईपर्यंत धड झोपलो नाही, पण सगळं स्वच्छ आलं. आता दरवर्षी स्कोपी, कारण जठर शाबूत आहे म्हणजे दुसरीकडे नवा व्हायची भीती पण शाबूत आहे.

आता हे आज का सांगतोय ते. माझ्या पोटात एच. पायलोरी नावाचा जंतू सापडला, जठराच्या कॅन्सरच्या मुळाशी बहुतेकदा हाच असतो, सात दिवस गोळ्या घेऊन घालवला. तो बहुतेक लहानपणीच लागतो आणि घरातल्या घरात पसरतो, कोणाचा दोष नाही, आई तू आता पाण्याचा हंडा घासायला घेऊ नकोस. पण बाबा, दहा वर्षं तुम्ही रोज सकाळी ती ॲसिडिटीची गोळी घेताय आणि एकदाही आत कोणी बघितलेलं नाही. घाबरवत नाहीये, पण स्कोपी करून घ्या, जंतूची पण तपासणी करायला सांगा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे आधीच सांगा, लपवू नका (मला बोलायचा अधिकार नाही, माहितीये).

डिसेंबरात येतोय. तोवर झाली नसेल तर पहिल्याच दिवशी रिक्षात घालून नेईन, उपाशीपोटी.

तुमचा,
बाळू

ता. क. अण्णाकाकाला मीच सांगतो, तुम्ही नका सांगू.