क्युबाचा सौदा जॉन्सन यांच्यापासून का लपवला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठच्या दशकातील अमेरिकी अध्यक्षांच्या सल्लागारांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मराठीत या विषयावर फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आभार. पण त्यातल्या एका विधानाला माझी ठाम हरकत आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी खंबीर राहिले, सल्लागारांनी त्यांना साथ दिली आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना क्युबातून आपली क्षेपणास्त्रे काढून घेणे भाग पडले, असे लेखक म्हणतात. ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी, म्हणजे त्या बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे काढण्याचा गुप्त सौदा, त्याच सल्लागारांनी वर्षानुवर्षे, पुढे अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांच्यापासूनही, दडवून ठेवली आणि त्या दडवण्याचे फळ पुढे व्हिएतनामला भोगावे लागले, असे माझे मत आहे.

शनिवार, २७ ऑक्टोबरचा दिवस पाहू. केनेडी यांनी बैठकांचे ध्वनिमुद्रण गुपचूप करून ठेवले होते, त्यामुळे त्या दिवशी कोण काय म्हणाले हे आज शब्दशः वाचता येते. आदल्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांचे एक लांबलचक, भावनेच्या भरात लिहिलेले पत्र आले होते : क्युबावर हल्ला करणार नाही असे वचन द्या, आम्ही क्षेपणास्त्रे काढतो. शनिवारी सकाळी मॉस्को रेडिओवरून दुसरे पत्र जाहीर झाले आणि त्यात मागणी वाढली होती : तुर्कस्तानातली तुमची ज्युपिटर क्षेपणास्त्रेही हलवा. त्यातच क्युबावर टेहळणी करणारे यू-२ विमान पाडले गेले आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. सेनादलांना हवाई हल्ला हवा होता.

त्या खोलीत ही अदलाबदल नाकारू नये असे सर्वांत आग्रहाने कोण म्हणत होते? खुद्द अध्यक्ष. जगातल्या कुठल्याही समंजस माणसाला हा व्यवहार रास्तच वाटेल, असे ते दिवसभर सांगत राहिले. बहुतेक सल्लागार विरोधात होते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांचे म्हणणे असे की, क्युबासाठी आपण तुर्कस्तानचे संरक्षण विकले असे मित्रराष्ट्रांना वाटेल. लेखात बंडी यांच्या शांत डोक्याचे कौतुक आहे. ते डोके शांत होते यात शंका नाही, पण त्या दिवशी ते कोणत्या बाजूने चालले होते हेही लिहायला हवे होते.

लेखात ज्यांचे नावसुद्धा नाही, ते लेवेलिन थॉम्पसन मला त्या बैठकीतले सर्वांत मोलाचे सल्लागार वाटतात. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते मॉस्कोत राजदूत होते आणि ख्रुश्चेव्ह यांना त्यांनी जवळून पाहिले होते. वाटाघाटींनी ही क्षेपणास्त्रे निघतील असे वाटत नाही, असे केनेडी म्हणाले, तेव्हा थॉम्पसन यांनी त्यांना तोंडावर सांगितले की मला हे पटत नाही, अजून संधी आहे. ‘मी क्युबा वाचवला, मी आक्रमण थांबवले’ असे आपल्या लोकांना सांगता येणे ही ख्रुश्चेव्ह यांची गरज आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पहिल्या पत्राला उत्तर द्या, असा त्यांचा सल्ला. तुर्कस्तानच्या सौद्याला त्यांचाही विरोधच होता. पण समोरच्याला घरी काय घेऊन जाता येईल, हा प्रश्न त्यांनी विचारला.

शेवटी दोन्ही गोष्टी झाल्या. जाहीर उत्तर थॉम्पसन यांच्या सल्ल्यानुसार गेले. संध्याकाळी केनेडी यांनी मोजक्या आठ जणांना आपल्या दालनात बोलावले. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी तोड काढली : ज्युपिटर काढली जातील असे तोंडी सांगावे, जाहीरपणे काहीही कबूल करू नये. सगळ्यांनी मान डोलावली. त्याच रात्री अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांना भेटून हे आश्वासन दिले. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे मागे घेत असल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांत डोब्रिनिन तुर्कस्तानबाबतचा हा शब्द नोंदवणारे पत्र घेऊन आले, तर रॉबर्ट केनेडी यांनी ते परत केले. कागदावर काहीही राहता कामा नये! एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातली पंधराही ज्युपिटर निघाली होती.

तिथपर्यंतची मुत्सद्देगिरी मला मान्य आहे. युद्ध टळले, आणखी काय हवे? पण पुढे जे झाले ते मला क्षम्य वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी आठवडाभर आधीच, अमेरिकेचे परदेशांतले तळ सोडण्याची तयारी दाखवून तोडगा काढावा असे सुचवले होते. संकट टळल्यावर, डिसेंबरात, एका अमेरिकी नियतकालिकात त्यांना हिटलरपुढे झुकणाऱ्या म्युनिक करारासारखी शरणागती हवी होती असे छापून आले. म्हणजे ज्याने हा मार्ग उघडपणे सुचवला तो भित्रा ठरला आणि ज्यांनी तोच मार्ग लपूनछपून धरला ते पोलादी पुरुष ठरले. सत्य ठाऊक असलेल्या, केनेडी धरून त्या नऊ जणांपैकी एकानेही स्टीव्हन्सन यांच्यासाठी ते उघड केले नाही.

याहून गंभीर गोष्ट जॉन्सन यांची. उपाध्यक्ष म्हणून ते क्युबावरच्या बैठकांना बसत, पण शनिवारी संध्याकाळच्या त्या बैठकीत ते नव्हते आणि नंतरही त्यांना हा सौदा सांगितला गेला नाही. वर्षभराने, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, तेच अध्यक्ष झाले. बंडी, रस्क, संरक्षणमंत्री मॅक्नमारा, उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल हे सौदा माहीत असलेले चौघेही जॉन्सन यांच्याकडे कायम राहिले. नव्या अध्यक्षाच्या मनात मात्र क्युबाची ‘दाब वाढवत नेला की समोरचा वाकतो’ हीच गोष्ट राहिली. व्हिएतनामवर नेमके हेच सूत्र लावले गेले. ७ फेब्रुवारी १९६५ रोजी प्लेइकू येथील अमेरिकी तळावर हल्ला झाला तेव्हा बंडी व्हिएतनाममध्येच होते. जखमी सैनिकांना ते रुग्णालयात भेटून आले आणि परतीच्या वाटेवर त्यांनी उत्तर व्हिएतनामवर सातत्याने बॉम्बफेक करण्याची शिफारस केली. २ मार्चला ती सुरू झाली, ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर मरीन सैनिक उतरले. हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारला, घरी काय घेऊन जाता येईल, हा थॉम्पसन यांचा प्रश्न हनोईची तितकी जाण असलेल्या कोणी विचारलाच नाही. आशिया जाणणारे जॉन पॅटन डेव्हिस यांच्यासारखे मुत्सद्दी पन्नासच्या दशकातच, कम्युनिस्टांविषयी मवाळ असल्याच्या संशयावरून घरी पाठवले गेले होते.

विरोध करणारे एक जॉर्ज बॉल होते. ऑक्टोबर १९६४ मध्येच त्यांनी ६७ पानांचे टिपण लिहिले. वाघाच्या पाठीवर एकदा बसलो की उतरायची जागा आपल्या हातात राहत नाही, हा त्यातला इशारा आजही वाचण्यासारखा आहे. जॉन्सन त्यांचे ऐकून घेत आणि निर्णय उलटा करत. क्युबात तडजोड झाली होती हे बॉल यांना ठाऊक होते. तो एक पुरावा त्यांनी टेबलावर ठेवला असता तर काय झाले असते, हा विचार मला सोडत नाही.

आपल्या वाचकांसाठी थोडे विषयांतर करतो. त्याच पंधरवड्यात, २० ऑक्टोबरला, चीनने आपल्यावर आक्रमण केले होते. वॉशिंग्टनचे बडे सल्लागार क्युबात गुंतलेले. भारताचे काम बंडी यांचे सहायक कार्ल केसन यांच्याकडे आले आणि दिल्लीतले राजदूत गॅलब्रेथ यांना जवळजवळ मोकळा हात मिळाला. मॅकमहोन रेषा ही भारत-चीन सीमा असल्याचे अमेरिकेने मान्य करावे, हे त्यांनी तेव्हाच घडवून आणले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, त्या काळाची ही बाजू आपल्याकडे कोणी सांगत नाही.

सल्लागार कसा असावा हे दाखवायचे तर लेखकांनी क्लार्क क्लिफर्ड यांचे उदाहरण घ्यायला हवे होते. मॅक्नमारा यांच्या जागी ते १ मार्च १९६८ रोजी आले, व्हिएतनाम युद्धाचे समर्थक म्हणूनच. जनरलांनी आणखी २ लाख ६ हजार सैन्य मागितले होते. पाच लाखांहून अधिक आधीच तिथे होते. क्लिफर्ड यांनी सेनाप्रमुखांना साधे प्रश्न विचारले. एवढ्याने भागेल का? नाही भागले तर आणखी किती? जिंकण्याची योजना काय? एकाचेही धड उत्तर मिळाले नाही आणि त्यांचे मत फिरले. महिनाअखेरीस जुन्याजाणत्या सल्लागारांची बैठक झाली. तिचा बदललेला कौल अध्यक्षांना सांगणारे होते तेच बंडी. ३१ मार्चला जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या बहुतांश भागावरची बॉम्बफेक थांबवली आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचेही जाहीर केले.

१९८८ मध्ये बंडी यांनी स्वतः लिहिले की, तुर्कस्तानचे आश्वासन आपल्यापुरते ठेवून आम्ही आमच्या सहकाऱ्यांची, देशवासीयांची, मित्रराष्ट्रांची आणि नंतर सत्तेवर आलेल्यांची दिशाभूल केली. त्या शनिवारी खंबीर राहणे पुरेसे होते असा त्या सर्वांचा समज झाला. इतकी स्पष्ट कबुली उपलब्ध असताना आपल्या वृत्तपत्राने तोच समज नव्या पिढीच्या हाती द्यावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

लेखाचा पुढचा भाग व्हिएतनामवर असल्याची सूचना आपण दिली आहे. त्याआधी एक छोटी दुरुस्ती छापावी आणि तीत डोब्रिनिन यांना दिलेला शब्द, परत केलेले पत्र आणि १९६३ मध्ये काढलेली ज्युपिटर या तिन्हींचा उल्लेख व्हावा, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, कराड