काकू, तुम्ही त्या संध्याकाळी आलात

प्रिय काकू,

समोर बसून बोलायला गेले की तुम्ही "राहू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय. आणि उघडपणे लिहितेय, कारण माझ्यासारखंच कुणीतरी आज रात्री जागं असेल.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आई पिशवीत उशीचा अभ्रा आणि चष्म्याचं रिकामं घर भरून दाराशी उभी होती. "मला घरी जायचंय." तासभर मी हुज्जत घालत होते, "अगं, हेच तुझं घर!" ती रडत होती, मीही. तुम्ही तिच्या हातातली पिशवी घेतलीत आणि म्हणालात, "चला, निघू या. वाटेत तुमच्या घराबद्दल सांगा." या खोलीतून त्या खोलीत तीन फेऱ्या झाल्या. ती लहानपणीच्या अंगणाबद्दल बोलत राहिली आणि मग दमून स्वतःच पलंगावर टेकली.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो, नव्या आठवणी धरून ठेवणं त्याचं काम, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्याचा अर्थ तुम्ही सांगितलात: "सकाळचं जेवण तिला आठवणार नाही, अंगण आठवेल. तिला इकडे ओढू नकोस, तू तिकडे जा." काकांच्या आजारपणात आठ वर्षं काढून जे तुम्हाला उमगलं, ते मला आयतं मिळालं.

एकदा दोन दिवसांतच ती एकदम बिघडली. भलतंसलतं दिसायला लागलं, झोप उडाली. आजार वाढला असं धरून मी हातपाय गाळून बसले होते. तुम्ही फोनवर म्हणालात, "आधी लघवी तपासून घे." संसर्गच निघाला. औषधाने आठवड्याभरात ती बरीचशी पूर्वीसारखी झाली. वयस्कर माणसांत संसर्गामुळे असा अचानक गोंधळ उडतो, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

देवाबद्दल मात्र कसं लिहू? तिने माझं नाव विसरल्यापासून मी प्रार्थना सोडली होती. तुम्ही पूर्वजन्म काढला नाहीत, "त्याची इच्छा" असंही म्हणाला नाहीत. "रागाने बोल, पण बोल त्याच्याशी," एवढंच. मग मी रात्री भांडायला लागले. भांडता भांडता कधीतरी मागायला लागले. ती बरी होऊ दे, असं नाही. उद्या तिला अंघोळ घालताना माझा आवाज चढू नये, एवढंच. बहुतेक दिवशी ते मिळतं. ज्या दिवशी मिळत नाही, त्या दिवशी तुम्हाला फोन करते.

काल झोपवताना तिने माझा हात धरला आणि विचारलं, "तुमची आई कुठे असते हो?"

"इथेच असते," म्हटलं.

"बरं झालं," म्हणाली, आणि हात न सोडताच झोपली.

तुमची,
तिची लेक