ताई, डॅटच्या तयारीसाठी तुझे जाहीर आभार

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागलो की तू "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे जाहीर पत्र. इथे मला मध्येच तोडता येणार नाही तुला. शिवाय डॅटची, म्हणजे अमेरिकेत डेंटल स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या आणखी कुणाच्या वाचनात आलं, तर त्यांचंही काम होईल.

पुस्तकांच्या याद्या मला पुष्कळांनी दिल्या. तू मात्र वही करायला लावलीस. सराव परीक्षेत चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात उतरवायचा आणि पुढे कारण लिहायचं: मुळात येतच नव्हतं, प्रश्न धड वाचला नाही, की वेळ पुरला नाही. अंदाजपंचे टोलवून बरोबर आलेले प्रश्नही त्याच वहीत. तेव्हा मला हा नुसता कारकुनी उद्योग वाटला होता. पण बायोलॉजी पुन्हा वाचायची की केमिस्ट्रीतली आकडेमोड आधी सुधारायची, हे शेवटी त्या वहीनेच ठरवलं.

आकडेमोडीवरून आठवलं. डॅटमध्ये कॅल्क्युलेटर मिळतो तो फक्त गणिताच्या भागात, आणि तोही स्क्रीनवरचा. सायन्सच्या 100 प्रश्नांना 90 मिनिटं, त्यात जनरल केमिस्ट्रीचे 30, आणि ते सगळे हातानेच सोडवायचे. तरी घरी सराव करताना कॅल्क्युलेटर शेजारी घेऊन बसणारी मुलं कमी नाहीत. तू तो पहिल्या दिवसापासून बंद केलास. 2 चा लॉग 0.3, 3 चा साधारण 0.48, एवढं पाठ असलं की हायड्रोजन आयनचं प्रमाण 2 × 10⁻⁴ दिसताच पीएच 3.7 हे तोंडावर येतं. पर्यायांमध्ये तेवढा फरक असतोच, दशांशाच्या पुढे किस काढायची गरज पडत नाही.

पण तुझी खरी कमाल पॅटमध्ये, म्हणजे डॅटमधल्या आकार-आकृत्यांच्या भागात. सहा प्रकार, प्रत्येकी 15 प्रश्न, म्हणजे 60 मिनिटांत 90. बहुतेक जण पहिल्या कीहोलच्या प्रश्नांतच (दिलेली वस्तू कोणत्या भोकातून जाईल?) अडकतात. वस्तू मनातल्या मनात फिरवत राहतात आणि सोपे मार्क मागे पडून राहतात. "सुरुवात पहिल्या प्रश्नापासूनच करायची असं कुठे लिहिलंय?" असं तू विचारलंस आणि मला थेट क्यूब मोजायला बसवलंस. चिकटवलेल्या घनांचा ढिगारा, तळ सोडून बाहेरून सगळीकडे रंगवलेला. दोन बाजू रंगलेले घन किती, तीन बाजू रंगलेले किती, असे प्रश्न. तुझी पद्धत अशी: आकृती दिसली की प्रश्न वाचायच्या आधी 0 ते 5 असे आकडे एकाखाली एक लिहायचे (तळाला रंग नाही, म्हणून 6 येऊच शकत नाही), प्रत्येक घन बघून त्या आकड्यापुढे रेघ मारायची आणि शेवटी सगळ्या रेघा मोजायच्या. एकूण घनांइतक्या भरल्या नाहीत, तर एखादा घन सुटलाय. बहुतेक वेळा तो मागचा, वरच्याला आधार देणारा, न दिसणारा असतो. एकदा तक्ता झाला की त्या आकृतीवरचे सगळे प्रश्न नुसते वाचून उत्तर देण्यापुरते उरतात.

पॅटमधल्या लहान-मोठे कोन ओळखायच्या प्रश्नांना तुझं एकच वाक्य पुरलं: टोकाकडे बघ, हातांकडे नको. लांब हातांचा कोन उगाच वेगळा भासतो.

निगेटिव्ह मार्किंगची भीती तर आपल्याकडे हाडीमाशी खिळलेली. भारतात मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा देणारी माझी भावंडं "खात्री नसेल तर सोडून दे" हेच ऐकत मोठी झाली, कारण तिथे चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात. डॅटमध्ये कापत नाहीत. इथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. तुझ्या सांगण्यावरून शेवटचं मिनिट मी कोरे गोल भरण्यासाठीच राखून ठेवायला शिकलो.

आणि नावाचं प्रकरण! अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलंच पाहिजे, नाहीतर सेंटरच्या दारातून परत. आपलं मधलं नाव वडिलांचं, ते पासपोर्टवर असतं आणि लायसन्सवर नसतं. अर्ज भरण्याआधी दोन्ही कार्डांचे फोटो मागवणारी तूच.

मार्कांचंही तू वेळेवर सांगितलंस. मार्च 2025 पासून स्केल 200 ते 600 झालं, तरी लोक अजून जुन्या 30 पैकीच्या आकड्यांवर गप्पा मारतात. त्या गप्पांपासून तू मला लांब ठेवलंस.

एका बाबतीत मात्र आपलं पटलं नाही. रीडिंगमध्ये तीन उतारे, 50 प्रश्न. तुझं म्हणणं, आधी प्रश्न बघ आणि उताऱ्यात शोध. मी आधी उतारा पूर्ण वाचत आलो, कारण लेखकाचा सूर विचारणारे प्रश्न शोधून सापडत नाहीत. अजूनही माझंच बरोबर वाटतं. वाद घालायला ये कधीतरी.

आता अ‍ॅडसॅसचा अर्ज (अनेक डेंटल स्कूलांसाठी मिळून एकच) भरतोय. पर्सनल स्टेटमेंट मोकळ्या जागा धरून 4,500 अक्षरांत बसवायचंय आणि माझं अजून बरंच बाहेर सांडतंय. या रविवारी पाठवतो. लाल पेन काढून ठेव.

तुझा,
धाकटा भाऊ