सभासदाची बखर कपाटाबाहेर काढा

महोदय,

गेल्या रविवारी आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जिल्ह्यातल्या तीन ऐतिहासिक कादंबरीकारांच्या गप्पा झाल्या. खुर्च्या कमी पडल्या, सतरंज्या अंथराव्या लागल्या. पुस्तकांसाठी एवढी तरुण मुलंमुली आलेली पाहून फार बरं वाटलं, हे आधी सांगते.

लेखक मनापासून बोलले. एकांनी सांगितलं, त्यांच्या हस्तलिखितात पेशव्यांच्या वाड्यात एक बाई काडी ओढून समई लावत होती. छपाईआधी कुणीतरी लक्षात आणून दिलं, की पेशवाई १८१८ साली बुडाली आणि आगकाडी विलायतेतसुद्धा १८२७ मध्ये विकायला आली. मग त्यांनी तिथे चकमक-गारगोटी आणली. ठिणगी पडून कापूस धरेपर्यंत वेळ जातो, तेवढ्या अंधारात दोघांचं बोलणं घडवलं, आणि प्रसंग आधीपेक्षा उजवा झाला. मला हे अगदी पटलं.

पण पुढे दुसरे लेखक म्हणाले, ‘‘जुन्या साधनांत नुसत्या तारखा आणि सनावळ्या. त्यात माणूस आम्हाला घालावा लागतो.’’ टाळ्या पडल्या. मला राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी २९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. चौथीला तानाजी आला की फळ्यावर घोरपड काढायची, तिच्या कमरेला दोर बांधायचा. पोरं श्वास रोखून ऐकायची. निवृत्तीनंतर सभासदाची बखर, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेलं शिवाजी महाराजांचं जुनं चरित्र, सलग वाचली. तिच्यात घोरपड नाही. मावळे वानरासारखे कडा चढून जातात. मग किल्लेदार उदेभानाशी लढताना तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो आपल्या डाव्या हाताचीच ढाल करतो आणि लढत राहतो. दोघेही पडतात. तानाजीचा भाऊ सूर्याजी पुढे होऊन गड घेतो, पागेच्या खणांना आग लावली जाते आणि तो उजेड महाराजांना राजगडावरून दिसतो. गड फत्ते झाला हे त्यांना असं कळतं. तानाजी गेल्याचं अजून कळायचं असतं. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

आणि बातमी कळल्यावर महाराज काय म्हणतात? ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ आपल्या तोंडी ‘गड आला पण सिंह गेला’ बसलंय, हरिभाऊ आपट्यांनी तर कादंबरीला तेच नाव दिलं. कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजीमुळे पडलं असं सांगतात, पण ते १६६३ च्या पत्रातही आहे, म्हणजे तानाजी पडला त्याच्या सात वर्षं आधीचं. बखरीत माणसालाच गड म्हटलंय. मला ते जास्त मोठं वाटतं.

बखर दक्षिणेतल्या जिंजी किल्ल्यावर लिहिली गेली ती घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. तिच्यातलं अक्षर न् अक्षर खरं धरावं असं मी म्हणत नाही. कादंबरीकारांनी कल्पना लढवू नये, असं तर मुळीच नाही. पण हाताची ढाल करणारा माणूस जुन्या साधनातच आहे. तो नंतर कुणी घातलेला नाही.

कार्यक्रमानंतर अकरावीतल्या दोन मुलींनी बखर मागितली. ती संदर्भ विभागाच्या काचेच्या कपाटात होती, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापलेल्या जुन्या कागदपत्रांच्या खंडांशेजारी. कपाटाला कुलूप, किल्ली रजेवरच्या सेवकाकडे, आणि किल्ली असती तरी संदर्भग्रंथ घरी देत नाहीत. मुली काचेला नाक लावून पुस्तकांचे कणे वाचत उभ्या राहिल्या. शेवटी दाराजवळच्या मांडणीतली एक कादंबरी घेऊन गेल्या.

दुर्मीळ खंड कुलपात राहू द्या, ते जपलेच पाहिजेत. पण सभासदाची बखर दुर्मीळ नाही. छोटी आहे, देवनागरीत छापलेली मिळते, चार पानांनंतर तिची भाषाही सरावाची होते. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी तिच्या दोन-दोन प्रती देवघेव विभागात, कादंबऱ्यांच्याच मांडणीत ठेवाव्यात. लेखकांना बोलावलं की आधी त्यांच्याकडून बखरीचं एक पान मोठ्याने वाचून घ्यावं.

माझी स्वतःची प्रत, पेन्सिलीच्या खुणांसकट, मी याच आठवड्यात आमच्या वाचनालयाला देते आहे. ती मुलांना घरी न्यायला मिळावी, एवढीच अट.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा